बेघरांच्या निवाऱ्यात आल्यावर कोणता कागद आधी काढायचा? अर्ज नेमके कुठे अडतात?

मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) हमाली करणारे एक काका गेल्या पावसाळ्यात निवाऱ्यात आले, तेव्हा त्यांच्या गठुड्यात कपड्यांपेक्षा पावत्या जास्त होत्या. नव्या आधार नोंदणीच्या तीन, रेशनकार्डाच्या अर्जाची एक, ‘निराधार’च्या पगाराच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, दोन. काम एकही झालेलं नव्हतं. "दीड वर्षापासून फिरायलोय. आता फॉर्मचं नाव काढू नका," म्हणाले. सतरंजीवर पावत्या तारखेप्रमाणे मांडल्या आणि घोळ लक्षात आला. पगाराचा अर्ज आधी, रेशनचा नंतर, आधार सगळ्यात शेवटी. सगळा क्रमच उलटा. आणि आधार तर त्यांचं फार पूर्वीच निघालेलं होतं, कारखान्यावर ऊसतोडीला होते तेव्हा. ते त्यांच्या लक्षातच नव्हतं.

मी सुट्टीच्या दिवशी निवाऱ्यात अर्ज भरायला बसतो. बघून बघून एक गोष्ट कळली आहे: पात्र नाही म्हणून परत जाणारे फार थोडे, क्रम चुकला म्हणून परत जाणारेच जास्त. म्हणून हा लेख.

निवाऱ्यात प्रवेश

शहरी बेघरांसाठी निवारा ही योजना 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात सुरू झाली. एक लाख लोकसंख्येमागे एक कायमचा निवारा असावा, तो साधारण 50 ते 100 माणसांचा असावा आणि चोवीस तास, बाराही महिने उघडा असावा, असा निकष आहे. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत. नांदेड, संभाजीनगर, लातूर, परभणी, जालना इथे महापालिका आहेत, तिथे चौकशी उपजीविका अभियान विभागात करायची. तालुक्याच्या गावी नगरपालिकेत याच नावाचा कक्ष विचारायचा.

आत घेताना आधारकार्ड मागितलं तर वाद घालू नका, पण परतही फिरू नका. बेघर माणसाला ओळखपत्र, रेशन, पेन्शन, बँक खातं मिळवून द्यायला मदत करणं हे निवाऱ्याचंच काम म्हणून ठरवून दिलेलं आहे. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्यासाठीच ही जागा आहे, एवढं व्यवस्थापकाला शांतपणे सांगायचं.

पहिल्याच दिवशी एक काम करून घ्या. नोंदवहीत नाव पूर्ण लिहायला लावा, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर जे येणार तसंच. आपल्याकडे ग्यानबा नावाचा माणूस शाळेच्या रजिस्टरात ज्ञानोबा असतो, आधारवर इंग्रजीत तिसरंच काहीतरी असतं आणि मोंढ्यात त्याला सगळे माऊली म्हणतात. अशा वेगवेगळ्या नावांनी तीन कागद निघाले की चौथा अडलाच म्हणून समजा.

एकटं लेकरू सापडलं तर त्याला मोठ्यांच्या निवाऱ्यात आणू नका, 1098 ला फोन करा. बाईला मारहाणीमुळे घर सोडावं लागलं असेल तर 181. मुलांनी घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी 14567. शिवाय 2007 च्या कायद्याने आईवडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात पोटगीचा अर्ज करता येतो. तो अर्ज करायला फार थोडे तयार होतात. "लेकराविरुद्ध कसं लिहू," असं म्हणतात आणि तिथंच विषय थांबतो.

आधार: नवीन की जुनं?

सगळ्यात जास्त महिने इथे वाया जातात. माणूस म्हणतो "आधार नाही", केंद्रवाला नवीन नोंदणी करतो, काही आठवड्यांनी अर्ज रद्द. कारण बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं आधीच्या नोंदणीशी जुळतात. एका माणसाला दुसरा आधार क्रमांक मिळतच नाही, कितीही वेळा नोंदणी करा. म्हणून पहिला प्रश्न "आधार आहे का" हा नसावा. "कधी तरी, कुठे तरी मशीनवर बोटं ठेवली होती का? डोळ्यांपुढे दुर्बिणीसारखं काही धरलं होतं का?" असं विचारा. शाळेत, कारखान्यावर, बँकेच्या मेळाव्यात, कुठेही. उत्तर "हो" आलं तर आधार केंद्रावर जुना क्रमांक शोधायला सांगा, नवी नोंदणी करू नका. चौकशीचा क्रमांक 1947.

खरंच कधीच नोंदणी झाली नसेल तर एक कागद कामाचा आहे, जो बऱ्याच केंद्रांवर पहिल्या झटक्यात नाकारला जातो. आधारच्या प्राधिकरणाने प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना दिलेला आहे. आमदार, नगरसेवक, तहसीलदार, राजपत्रित अधिकारी यांच्यासारखाच तो मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखालाही भरून देता येतो. त्यातल्या तीन बारकाव्यांवर अर्ज पडतात. एक, हा नमुना साध्या ए-फोर कागदावर छापायचा असतो, लेटरहेड लागत नाही. लेटरहेडवरच आणा म्हणून परत पाठवलं तर नमुन्यावरचीच सूचना दाखवा. दोन, फोटो चिकटवून त्यावर सही आणि शिक्का असा हवा की निम्मा फोटोवर, निम्मा कागदावर येईल. तीन, तारखेपासून तीनच महिने तो चालतो. निवाऱ्यातून जूनमध्ये घेतला, मग काम लागलं म्हणून ऑक्टोबरमध्ये केंद्रावर गेला, तर तो कागद संपलेला असतो. हे इतक्यांदा घडतं की मी आता त्या कागदाच्या मागे पेन्सिलने शेवटची तारीख लिहून देतो.

अठरा वर्षांवरच्या माणसाची नवी नोंदणी झाली की राज्य सरकारकडून पडताळणी होते, त्यात काही महिने जाऊ शकतात. तेवढ्या काळात घाबरून पुन्हा नोंदणी करू नका. नवी नोंदणी मोफत आहे. पैसे मागितले तर पावती मागा.

वय अंदाजे सांगू नका. "असेल पन्नास-पंचावन्न" म्हटलं की मशीनमध्ये 1 जानेवारी आणि कुठलं तरी साल जातं. (गुरुजींनी निम्म्या मराठवाड्याला 1 जूनला जन्माला घातलं, ते वेगळंच.) आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. अडुसष्टच्या आजी कागदावर अठ्ठावन्नच्या झाल्या तर श्रावणबाळ योजनेचा म्हातारपणीचा पगार (तो पासष्टीला सुरू होतो) आणखी सात वर्षं लांबला.

शाळेचा उतारा

"शिकलो नाही हो," असं सगळेच म्हणतात. थोडं खोदून विचारलं की कळतं, दुसरीपर्यंत गेले होते, मग जनावरांमागे लागले. दुसरीपर्यंत गेलेले असतील तरी पुरे. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश-निर्गम रजिस्टर जपून ठेवलेलं असतं. त्यात नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जात, गाव सगळं एका ओळीत. तो उतारा वयाला चालतो, जातीला चालतो, रहिवासाला आधार देतो. एका कागदात इतकं देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

अडचण कागदाची नसते, गावाची असते. बेघर माणसाला गावी जायचं नसतं. भावकीत जमिनीवरून झालेलं असतं, कर्ज असतं, बायको नांदायला परत आलेली नसते, किंवा "इतक्या वर्षांनी असं कसं जाऊ" एवढंच असतं. त्या काकांनी गावाचं नाव सांगायलाच चार रविवार लावले. मग निवाऱ्याच्या नावाने मुख्याध्यापकांना पत्र टाकलं, सोबत काकांचा साध्या कागदावरचा अर्ज आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. उतारा पोस्टाने आला. काकांनी तो हातात घेऊन बापाचं नाव दोन-तीनदा वाचलं, मग माझ्याकडे देऊन चहा आणायला गेले. म्हणून सांगतो, गावाला जायचा आग्रह धरू नका.

मतदार यादी

बेघरांना मतदार ओळखपत्र मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. नमुना 6 भरायचा आणि पत्ता म्हणून जिथे झोपता ती जागा लिहायची. निवडणूक आयोगाची सूचना अशी आहे की मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने (बीएलओ) रात्री त्या जागी येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं, तेही एकापेक्षा जास्त रात्री. तो तिथे झोपतो हे दिसलं की राहण्याचा दुसरा कागदी पुरावा लागत नाही.

इथे अर्ज पडतो तो पत्त्यावर. "बसस्टँड, परभणी" एवढंच लिहिलं तर रात्री कोण कुणाला शोधणार? अमुक फलाटाच्या मागे, तमुक दुकानाच्या ओट्यावर, असं लिहा. रात्रपाळीचं वॉचमनचं काम असेल तर तसं आधीच बीएलओला कळवा, नाहीतर "आढळून आले नाही" असा शेरा बसतो. निवाऱ्यात असाल तर निवाऱ्याचाच पत्ता द्या. चौकशी 1950 वर. हे कार्ड पुढे बँकेतही चालतं.

रेशन: गावचं नाव कापू नका

गावच्या कार्डात नाव आहे आणि शहरात धान्य हवंय, तर नवीन कार्ड काढायची गरज नाही. कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा देऊन आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं. फक्त गावी भावाने महिन्याचं पूर्ण धान्य आधी उचललं असेल तर तुमच्यासाठी काही उरत नाही, म्हणून त्याला एक फोन करावा लागतो. तो फोन कुणी करायला तयार नसतं, हे मान्य.

कुणीतरी सल्ला देतं, "तिकडचं नाव कमी करून दाखला आण." माणूस जातो, नाव कमी करून येतो आणि इथे कळतं की नवीन कार्ड मिळालं तरी धान्य मिळेलच असं नाही. कार्ड ही एक गोष्ट आणि अन्न सुरक्षेच्या यादीत नाव ही दुसरी. शहरात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आहे, पण त्यात बसूनही जिल्ह्याचा इष्टांक (ठरवून दिलेला कोटा) भरलेला असेल तर थांबावं लागतं. तिकडचंही गेलं, इकडचंही नाही. ज्याचं नाव कुठेच नाही त्यानेच नवीन अर्ज करावा, आणि अर्जातच ‘प्राधान्य कुटुंबात समावेश व्हावा’ असं लिहावं.

निराधारचा पगार

संजय गांधी निराधार योजना 65 वर्षांखालच्या निराधारांसाठी, श्रावणबाळ 65 आणि त्यावरच्यांसाठी. दोन्हींना वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. अर्ज तहसीलला.

21,000 म्हणजे महिन्याला 1,750. उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी विचारतात, "रोज किती मिळतात?" माणूस खरं सांगतो, "तीनशे." मग कुणीतरी 365 ने गुणतं आणि निराधार माणूस लाखाचा धनी होतो. खोटं सांगू नका, पण रोजाचं नाही, वर्षाचं सांगा: गेल्या वर्षात किती दिवस काम लागलं. साठ दिवस लागलं असेल तर 18,000. स्वयंघोषणापत्रात दिवसही लिहा. त्यासाठी पाचशेचा स्टॅम्प लागतो असं कोपऱ्यावरचा टंकलेखक सांगेल. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे.

दाखल्याची मुदत नीट वाचा. "वर्षभर चालतो" असं सगळे म्हणतात, पण त्यावर 31 मार्च लिहिलेलं असतं. फेब्रुवारीत काढलेला दाखला महिनाभरात संपतो. शक्य असेल तर एप्रिलमध्ये काढा.

पंधरा वर्षांचा पुरावा देगलूर, धर्माबाद, बिलोलीकडच्या लोकांना जड जातो. कामाला कधी तेलंगणातलं निजामाबाद, कधी इकडे. जुन्या मतदार याद्या बघा, आणि लेकरं इकडच्या शाळेत होती का ते विचारा. त्यांच्या टीसीवरच्या तारखा वास्तव्य सांगतात. वयाचा काहीच कागद नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो.

बँक, आणि नकार आला तर

आधार यायला वेळ असेल तर ‘लहान खातं’ उघडता येतं. फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा. महिन्याला 10,000 पर्यंत काढता येतात, शिल्लक 50,000 पर्यंत. बारा महिन्यांत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला की मुदत आणखी बारा महिने वाढते. खिडकीवर "असं खातं नसतं" म्हणाले तर शाखा व्यवस्थापकांना भेटा.

उत्पन्नाचा किंवा रहिवासी दाखला तोंडी नाकारला तर तो नकार मानू नका. लोकसेवा हक्क कायदा 2015 प्रमाणे पोच द्यावी लागते आणि नाकारण्याचं कारण लेखी द्यावं लागतं. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. लेखी नकार हातात आला की 30 दिवसांत पहिलं अपील. "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" हे कारण कायद्यात नाही. पोच मागितली की पुष्कळ कामं अपिलापर्यंत जातच नाहीत.

एवढं झाल्यावर मूळ कागद उशाखाली ठेवू नका. निवाऱ्यातल्या कपाटात द्या, वहीत नोंद करून सही घ्या, सोबत झेरॉक्स बाळगा. पासबुक आणि एटीएम मात्र दुसऱ्या कुणाकडे देऊ नका, हॉटेलमालकाकडे तर नाहीच. काकांचा पगार सुरू झाला तेव्हा पहिले दोन हप्ते कोणी काढले, ते पासबुकात एंट्री मारल्यावर कळलं.