'फोटोसिंथेसिस'चं बारसं

वनस्पती उजेडात अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात, त्या क्रियेचं नाव 'फोटोसिंथेसिस'. हा शब्द वरवर प्राचीन ग्रीक वाटतो. प्रत्यक्षात तो १८९३ साली अमेरिकेत घडवला गेला, आणि तोही बऱ्याच उशिरा. कारण पानांचे हिरवे भाग फक्त उजेडातच प्राणवायू सोडतात, हे डच वैद्य यान इंगेनहाउस याने १७७९ मध्येच छापून टाकलं होतं.

मधल्या काळात या क्रियेचं काम 'असिमिलेशन' या उसन्या शब्दावर भागत होतं. यूलियस सॅक्स आणि त्याच्या बरोबरीच्या जर्मन संशोधकांनी तो रुळवला. अडचण अशी, की प्राण्यांच्या बाबतीत असिमिलेशन म्हणजे पचलेलं अन्न अंगी लागणं, आपल्या पाठ्यपुस्तकातलं 'सात्मीकरण'. तसं सात्मीकरण वनस्पतीतही होतंच. मग अन्न तयार करणं आणि ते अंगी लागणं या दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव!

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या चार्ल्स रीड बार्न्स यांना हा घोळ खटकला. त्यांनी दोन पर्याय सुचवले: 'फोटोसिंटॅक्स' आणि 'फोटोसिंथेसिस'. दोन्हींत 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिन' म्हणजे एकत्र. पुढे 'टॅक्सिस' म्हणजे रचणं, तर 'थेसिस' म्हणजे ठेवणं. बार्न्स यांची स्वतःची पसंती फोटोसिंटॅक्सला होती. ते नाव टिकलं नाही, हे माझ्या मते बरंच झालं. सिंटॅक्स म्हटलं की आधी व्याकरणाचा तास आठवतो. शिवाय रसायनशास्त्रात 'सिंथेसिस' तोवर चांगलाच रुळला होता.

त्या साच्यातून लगेच भावंडंही निघाली. प्रकाशाऐवजी रासायनिक ऊर्जेवर अन्न बनवणाऱ्या जीवाणूंसाठी विल्हेल्म फेफर यांनी १८९७ मध्ये 'केमोसिंथेसिस' वापरला. मराठीनेही तुकड्याला तुकडा जोडून 'प्रकाशसंश्लेषण' केलं. यातला 'श्लिष्' धातू, म्हणजे चिकटणं, आपल्याला श्लेष अलंकारातून ओळखीचा आहे.

नाव पक्कं झालं तरी क्रियेचा उलगडा पुढे अर्धशतक चालू राहिला. बाहेर पडणारा प्राणवायू कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, पाण्यातून येतो, हे रुबेन आणि केमेन यांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन (प्राणवायूचाच जास्त वजनाच्या अणूंचा प्रकार) वापरून दाखवलं. नंतर मेल्विन केल्विन आणि सहकाऱ्यांनी कार्बनची साखर कशी होते ती साखळी उलगडली. त्याबद्दल केल्विनना १९६१ चं नोबेल मिळालं. कार्बन जोडण्याच्या त्या पायऱ्यांत प्रकाश थेट भाग घेत नाही, तो आधीच्या टप्प्यात ऊर्जा पुरवून मोकळा होतो. म्हणजे शब्दातला 'फोटो' एका टप्प्याचा, 'सिंथेसिस' दुसऱ्याचा.