देवाने निवड आधीच केली, मग सुवार्ता कशाला?

नाशिकमध्ये शरणपूर रोडच्या परिसरात ख्रिस्ती मंडळींच्या अभ्यासवर्गांत एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘कॅल्व्हिनचं पूर्वनियोजन मानलं की सुवार्ताप्रसार संपला.’ कॅल्व्हिन हा सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक; पूर्वनियोजन म्हणजे कुणाचं तारण (पापातून सुटका) होणार हे देवाने आधीच ठरवलंय हे मत; आणि सुवार्ता म्हणजे येशूद्वारे तारण मिळतं हा संदेश. पण वरचं वाक्य चूक आहे, आणि यामुळे किती तरी चांगली माणसं बोलायचं थांबतात याचं मला वाईट वाटतं.

पूर्वनियोजनाच्या मतानुसार देव फक्त कुणाचं तारण होणार एवढंच ठरवत नाही, तर तिथवर नेणारा मार्गही ठरवतो. तो मार्ग म्हणजे सुवार्ता. द्राक्षाचं पीक देवाच्या हाती म्हणून निफाडचा बागायतदार ऑक्टोबर छाटणी सोडतो का? प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ९व्या अध्यायात निवडीबद्दल लिहितो आणि लगेच १०व्यात विचारतो की घोषणा करणाऱ्यावाचून लोक ऐकतील कसे. करिंथात तर प्रभू त्याला सांगतो, बोलत राहा, या नगरात माझे लोक पुष्कळ आहेत (प्रेषितांची कृत्ये १८). पौल तिथे दीड वर्ष राहिला. निवडीचं आश्वासन हेच त्याच्या बोलण्याचं बळ होतं.

नेदरलँड्समध्ये भरलेल्या, कॅल्व्हिनवादी मंडळ्यांच्या १६१८-१९च्या डॉर्ट परिषदेने आपल्या दस्तऐवजात निवडीचा सिद्धान्त ठामपणे मांडला. त्याच दस्तऐवजात सुवार्ता सर्व राष्ट्रांना, भेदभाव न करता सांगावी असंही आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या काही कॅल्व्हिनवादी मंडळ्या मात्र खरोखरच गप्प बसल्या. गैरसमजाला तिथून खतपाणी मिळालं. पण इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी त्याच परंपरेतला. तो १७९३ साली बंगालात आला आणि १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं.

पूर्वनियोजन सगळेच ख्रिस्ती मानत नाहीत, तो वाद वेगळा. निवडलेले कोण, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सुवार्ता सगळ्यांनाच सांगायची.