ओव्हरलिमिट फी लागलीये? बँकेला आधी संमतीची तारीख विचारा

क्रेडिट कार्डच्या स्टेटमेंटमध्ये ओव्हरलिमिट चार्जेसची, म्हणजे मंजूर लिमिटच्या वर खर्च गेल्यावर लागणाऱ्या फीची, ओळ दिसली की बरेच जण कस्टमर केअरला फोन लावून या वेळी माफ करा म्हणून विनवण्या करत बसतात. तसं करू नका. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांबद्दलचे निर्देश काढले, त्यात साफ लिहिलंय की कार्डधारकाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय मंजूर लिमिट ओलांडलं जाता कामा नये, आणि हे कलम १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहे. म्हणजे संमती नसेल तर तो व्यवहार मशीनवरच डिक्लाइन व्हायला हवा होता. त्यामुळे बँकेला एवढंच विचारायचं, मी ही संमती कधी दिली आणि कशी दिली, ते दाखवा.

आता फी किती लागते ते बघू. बऱ्याच बँका लिमिटच्या वर गेलेल्या रकमेवर अडीच टक्के लावतात, पण कमीत कमी रक्कम ठरलेली असते, साधारण ५००-६०० रुपये, आणि खरा फटका तिथेच बसतो. समजा लिमिट ५०,००० आहे आणि खर्च झाला ५१,२००. वरच्या १,२०० चे अडीच टक्के म्हणजे फक्त ३० रुपये, पण किमान फी ५०० असेल तर ५०० च लागणार, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०, झाले ५९०! तुमच्या कार्डाचा नेमका दर बँकेच्या शुल्कपत्रकात मिळेल, त्याची पीडीएफ आधीच उतरवून ठेवा.

तक्रार करायच्या आधी स्टेटमेंट नीट वाचा, कारण लिमिट कशाने ओलांडलं ते कळलं पाहिजे. ईएमआयवर मोबाइल घेतला तर साधारणपणे पूर्ण रक्कम लिमिटमधून अडकते आणि हप्ते भरले तसतशी सुटते, हॉटेलवाले डिपॉझिट म्हणून रक्कम ब्लॉक करून ठेवतात, बायकोच्या किंवा मुलाच्या अ‍ॅड-ऑन कार्डाचा खर्चही मूळ कार्डाच्या लिमिटमध्येच धरला जातो. आणि खरेदी लिमिटच्या आतच होती पण व्याज आणि लेट फी जोडल्यावर आकडा वर गेला असं असेल तर ते तक्रारीत वेगळं मांडा, कारण तो तुम्ही केलेला खर्चच नाही.

तक्रार मुख्य कार्डधारकाने करायची, अ‍ॅड-ऑनवाल्याने नाही. कंपनीचं कार्ड असेल तर आधी ऑफिसच्या अकाउंट्समध्ये बोला. कागद फार लागत नाहीत. फी लागलेल्या महिन्याचं स्टेटमेंट, त्याच्या आधीच्या महिन्याचं, शुल्कपत्रक, बँकेचे त्या दिवसांतले एसएमएस आणि अ‍ॅपमध्ये ओव्हरलिमिटचं सेटिंग बंद दिसत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट. कार्डाचे शेवटचे चार अंक पुरतात. पूर्ण नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेलाच लावा, खोट्या नंबरांनी लोकांची खाती रिकामी झालीयेत.

फोनवर बोललात तरी ईमेल कराच, लेखी असलेलंच पुढे कामाला येतं. मजकूर एवढा पुरे: “माझ्या कार्डावर अमुक तारखेला ओव्हरलिमिट फी लावली आहे. लिमिटच्या वर खर्च करू देणाऱ्या ओव्हरलिमिट सुविधेसाठी मी दिलेल्या संमतीची तारीख, वेळ आणि पुरावा पाठवावा. पुरावा नसल्यास फी आणि त्यावरचा जीएसटी परत करावा.” जीएसटीचा उल्लेख मुद्दाम करा. तक्रार नंबर मिळाला की जपून ठेवा. बिलाबद्दल शंका काढली तर बँकेने जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा आणि गरज असेल तिथे कागदपत्रं द्यायची असतात.

संमती खरंच दिलेली निघू शकते, कार्डाच्या अर्जात बारीक अक्षरात टिक केलेली असते किंवा फोनवर हो म्हटलेलं असतं. मग हक्काने फी परत मागता येत नाही, पण पहिलीच वेळ असेल आणि बिलं वेळेवर भरत असाल तर विनंती जरूर करा, आणि त्याच ईमेलमध्ये ही सुविधा बंद करायला सांगा.

या सगळ्यात एक चूक लोकांना फार महागात पडते, फीवर वाद आहे म्हणून बिलच अडवून ठेवतात. असं अजिबात करू नका!! बाकीची रक्कम देय तारखेच्या आत भरा. फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरणार असाल तर तो आकडा नीट बघा, लिमिटच्या वरची रक्कम बहुतेक वेळा त्यात पूर्णच धरलेली असते, त्यामुळे नेहमीपेक्षा मोठा दिसतो, आणि तो चुकला तर लेट फी आणि सिबिल (कर्जासाठीची पत दाखवणारा स्कोअर) दोन्हीचा त्रास.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस नावाच्या तक्रार पोर्टलवर अर्ज फुकट होतो, वकील लागत नाही, बँकेला केलेली तक्रार आणि आलेलं उत्तर जोडायचं. मात्र तेच प्रकरण ग्राहक न्यायालयात चालू असेल तर इथे घेत नाहीत. फॉर्म भरताना अडलं तर १४४४८ वर फोन करा, आणि थेट लोकपालाकडे उडी मारू नका, आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर अर्ज तिथेच बंद होतो.