रात्री घासही न घेता सकाळी साखर वाढते तेव्हा : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठेतील दवाखान्यांमध्ये टाईप टू मधुमेहाच्या रुग्णांकडून एक तक्रार सतत ऐकू येते. रात्री झोपताना साखर १३० च्या आसपास होती, मधल्या काळात पाण्याशिवाय काही घेतले नाही, तरी सकाळच्या फास्टिंगचा आकडा १७० च्या घरात आला. घरच्यांचा पहिला संशय रात्री फ्रीज उघडून काही खाल्ले असावे असाच असतो, आणि पुष्कळदा रुग्णालाही स्वतःविषयी शंका येऊ लागते. मग रात्रीचे जेवण निम्मे होते, पुढे बंदच होते, आणि तरीही सकाळचा आकडा खाली येत नाही. या वाढीचे शास्त्रीय स्पष्टीकरण चाळीस वर्षांपासून उपलब्ध असताना माणसांवर विनाकारण दोष येत राहावा, ही खेदाची गोष्ट आहे. जुना वाद आहे तो या वाढीमागे पहाटेची नैसर्गिक हालचाल असते की रात्री घसरलेल्या साखरेची उसळी, याचा.

उपाशीपोटी रक्तात येणारी साखर मुख्यतः यकृतातून येते. साधारण पहाटे तीन ते सकाळी आठ या वेळेत शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते. कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) चढू लागते, रात्री स्रवलेल्या वाढीच्या संप्रेरकाचा परिणाम जाणवू लागतो आणि यकृत साखर सोडू लागते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड त्याच वेळी इन्सुलिन थोडे वाढवून हा भार पेलते, त्यामुळे आकडा हलत नाही. टाईप टूमध्ये इन्सुलिन अपुरे पडते, शिवाय यकृत त्याला पुरेशी दाद देत नाही, म्हणून तीच नैसर्गिक हालचाल ग्लुकोमीटरवर दिसू लागते. रात्री उपाशी झोपल्याने ती थांबत नाही, याचे कारण यातच आहे.

हे चित्र स्पष्ट व्हायला मात्र बराच काळ गेला. इन्सुलिनचा वापर १९२२ मध्ये सुरू झाला आणि दीर्घकाळ परिणाम करणारे इन्सुलिन १९३६ च्या सुमारास हाती आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, एका अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने असा विचार मांडला की इन्सुलिनचा डोस जास्त झाला की रात्री साखर खाली जाते, शरीर घाबरून प्रतिकाराची संप्रेरके सोडते आणि त्याची उसळी म्हणून सकाळी साखर चढलेली दिसते. त्या काळी घरोघरी तपासणी होई ती लघवीची : बेनेडिक्टचे निळे द्रावण लघवीबरोबर उकळायचे आणि ते हिरवे, पिवळे की विटकरी होते ते पाहायचे. त्या रंगावरून रात्री दोन वाजता रक्तात काय चालले होते हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. १९५९ मध्ये हाच विचार अधिक विस्ताराने प्रसिद्ध झाला आणि पुढे डॉक्टरांच्या पिढ्या तो शिकत गेल्या.

या विचारातून एक ठाम उपाय निघाला आणि खरा वाद त्या उपायाचाच आहे. सकाळची साखर वाढली असेल तर रात्रीचा डोस वाढवू नका, उलट कमी करा आणि झोपताना दूध-बिस्किट घ्या, असा तो उपाय. त्यामागची भीती निराधार नव्हती, कारण रात्री साखर घसरण्याचा धोका खराच असतो. शिवाय तर्क सुबक होता, रुग्णाला समजावून सांगायला सोपा होता, आणि एखाद्या रुग्णाला घामाघूम होऊन जाग आली की तो सिद्ध झाल्यासारखा वाटे. परंतु मूळ निरीक्षणे इन्सुलिनचे मोठे डोस घेणाऱ्यांची होती. तेच स्पष्टीकरण केवळ गोळ्यांवर असलेल्या टाईप टूच्या माणसाला लावले जाते तेव्हा त्याच्या आधीच वाढलेल्या सकाळवर झोपतानाच्या खाण्याची भर पडते. रात्रीची एकही नोंद हातात नसताना हा निर्णय घेतला जावा, हे मला अत्यंत गैर वाटते.

१९८० च्या दशकात रुग्णालयात रात्रभर ठराविक अंतराने रक्त घेऊन मोजमाप करण्याचे अभ्यास झाले. पहाटेच्या वाढीला इंग्रजीतले ‘डॉन फिनॉमेनन’ हे नाव १९८१ मध्ये मिळाले. १९८४ मध्ये ही वाढ टाईप टूच्या रुग्णांतही सर्रास आढळते, आणि निरोगी माणसांतही पहाटे इन्सुलिनची गरज किंचित वाढते, हे दाखवले गेले. पुढच्याच वर्षी वाढीच्या संप्रेरकाकडे बोट दाखवणारा पुरावा आला. याच काळात उसळीच्या बाजूनेही लिहिले जात होते. १९८४ मध्ये तिला दुजोरा देणारे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तर १९८७ मध्ये इन्सुलिनवरील रुग्णांच्याच अभ्यासात रात्री घसरलेल्या साखरेमुळे सकाळी ती वाढत नाही असे दिसले. १९९९ नंतर त्वचेखाली बसवण्याचे, सतत मोजणारे सेन्सर वापरात आल्यावर काटा एका बाजूला झुकला. ज्या रात्री साखर खाली गेली, त्यानंतरच्या सकाळी ती बहुधा कमीच आढळते, असे त्या नोंदी सांगतात. उसळी कधीच येत नाही असे म्हणता येणार नाही, पण सकाळच्या वाढीचे नेहमीचे कारण म्हणून तिचे स्थान आता उरलेले नाही.

मधल्या काळात सकाळच्या आकड्याचे वजनही वाढले. मधुमेहाच्या निदानासाठी फास्टिंगची मर्यादा १९९७ मध्ये १४० वरून १२६ वर आणली गेली. २०१३ मधील एका अभ्यासात टाईप टूच्या सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये पहाटेची वाढ आढळली आणि तिच्यामुळे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा, सुमारे ०.४ ने वर जात असल्याचे दिसले. रात्रीच्या नीचांकापेक्षा सकाळी किमान २० मिलिग्रॅमची वाढ, ही तेथे धरलेली मोजपट्टी होती.

नागपूरच्या दिनक्रमात दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे. पहिली, ही वाढ नाश्त्याच्या आधी संपतेच असे नाही. यकृत अजून साखर सोडत असताना वर तर्री-पोह्यांची प्लेट आली, तर दोन्ही भार एकत्र पडतात, त्यामुळे दिवसातली सर्वांत मोठी उडी अनेकांना नाश्त्यानंतरच दिसते. दुसरी गोष्ट उशिरा होणाऱ्या जेवणाची. लग्नाच्या पंगतीत किंवा सावजीत रात्री साडेदहाला तेलकट, मांसाहारी जेवण झाले, तर ते पचायला वेळ लागतो आणि झोपतानाचा आकडा चढायचाच असतो. अशा रात्रीनंतरची वाढ लगेच पहाटेची मानणे चूक ठरेल, ती जेवणाचीही असू शकते.

फरक ओळखायचा तर दोन-तीन रात्री गजर लावून तीनच्या सुमारास एक स्ट्रिप खर्च करावी लागते. समजा झोपताना १३५, तीन वाजता १२८ आणि सात वाजता १७२ अशी नोंद आली, तर ती पहाटेची वाढ आहे. झोपताना १९०, तीनला १८५ आणि सातला १८८ आले, तर साखर रात्रभरच जास्त होती, आणि प्रश्न रात्रीच्या जेवणाचा किंवा एकूण उपचार अपुरे पडत असल्याचा आहे. तीन वाजता ६० आले, तर मात्र सकाळचा आकडा कितीही असो, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायला हवे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर दिल्या जातात, आणि जेवण हलके झालेल्या रात्री त्या साखर धोकादायकरीत्या खाली नेऊ शकतात. अशा वेळी डोस कमी करणे योग्यच असते, पण ते त्या घसरणीसाठी. सकाळची वाढ घालवण्यासाठी उपाय वेगळे आहेत : यकृतावर काम करणाऱ्या मेटफॉर्मिनचा डोस किंवा वेळ बदलणे, दिवसभर संथपणे काम करणारे बेसल इन्सुलिन सुरू करणे किंवा त्याचा डोस वाढवणे, जेवण लवकर उरकून थोडे चालणे. यांपैकी औषधाचा कोणताही बदल रुग्णाने आपल्या मनाने करू नये, आणि डॉक्टरांनीही तीन वाजताचा आकडा पाहिल्याशिवाय तो करू नये.