सोयूझ: यान टिकले, आधार आटले

23 एप्रिल 1967 रोजी उडालेल्या पहिल्या समानव सोयूझमध्ये, म्हणजे अंतराळवीरांना नेणाऱ्या सोव्हिएत (आता रशियन) यानात, व्लादिमीर कोमारोव यांचा जीव गेला. परतताना मुख्य पॅराशूट बाहेरच आले नाही. चार वर्षांनी सोयूझ-11 मधले तिघे दगावले. कक्ष सुटे करणाऱ्या स्फोटक बोल्टांच्या धक्क्याने हवेची झडप सुमारे 168 किमी उंचीवर उघडली. ती उघडायची होती जमीन जवळ आल्यावर. तिघांना बसवायचे म्हणून अंगात दाबपोशाखही (हवा गेली तरी शरीराभोवती दाब राखणारे पोशाख) नव्हते. पुढे पोशाख सक्तीचे झाले आणि एक आसन गेले. ते परत मिळाले 1980 च्या सोयूझ-टीमध्ये. राकेश शर्मा 1984 मध्ये गेले ते याच मालिकेतल्या टी-11 ने.

1971 नंतर सोयूझच्या उड्डाणात कोणी दगावलेले नाही. त्यामुळे आराखडा जुना म्हणून सोयूझ धोक्याचे, असे कोणी म्हटले तर ते पटत नाही. ऑक्टोबर 2018 मधला सोयूझ एमएस-10 चा अपघात जोडणीतला होता. बूस्टर (बाजूला जोडलेले साहाय्यक रॉकेट) सुटल्याची खूण देणाऱ्या सेन्सरची पिन जोडताना सहा अंशांहून थोडी जास्त वाकली. त्यामुळे बूस्टरच्या टोकाचे झाकण उघडले नाही, त्यातून वायू सुटून तो बाजूला ढकलला गेला नाही, आणि मधल्या टप्प्यावरच आदळला. सुटका यंत्रणेने आतल्या दोघा अंतराळवीरांना सुखरूप उतरवले.

आटले आहेत ते भोवतालचे आधार. जुलै 2011 मध्ये अमेरिकी शटल थांबले. मे 2020 मध्ये स्पेसएक्सचे क्रू ड्रॅगन यान येईपर्यंत नासा सोयूझच्या जागा विकत घेत होती आणि शेवटी एका जागेचा दर नऊ कोटी डॉलरच्या घरात गेला. ती मिळकत बुडाली. कझाकस्तानातल्या बैकोनूर अंतराळकेंद्राचा गागारिन उड्डाणतळ सप्टेंबर 2019 नंतर बंदच आहे, कारण नव्या सोयूझ-2 रॉकेटसाठी त्यात करायचे बदल झालेच नाहीत. माणसे पाठवायला उरला 31 क्रमांकाचा तळ. तिथे 27 नोव्हेंबर 2025 रोजी एमएस-28 व्यवस्थित गेले, पण रॉकेटखाली काम करण्यासाठी सरकवायचा सेवामंच ज्वाळांच्या खंदकात कोसळला. सुटे भाग ठेवावेत, पण सुटा तळ कुठून आणणार?

रशियाच्या अतिपूर्वेतल्या वोस्तोच्नी केंद्रावरून सोयूझ-2 उडते, पण माणसांविना. शिवाय तिथून निघालेला मार्ग पॅसिफिकवरून जातो आणि सोयूझ घडवले आहे जमिनीवर उतरण्यासाठी. उड्डाण मध्येच सोडावे लागले तर भर समुद्रात शोधमोहीम काढावी लागेल. सोयूझची जागा घेणारे नवे यान ओर्योल 2009 पासून घडते आहे, अजून उडालेले नाही. आंतरराष्ट्रीय स्थानकातला सहभाग मात्र रशियाने 2028 पर्यंतच कबूल केला आहे.