न्यायसहायक रसायनशास्त्र : शिक्षण आणि नोकऱ्या

गुन्ह्याच्या तपासात जप्त केलेल्या वस्तू, पोस्टमॉर्टेममध्ये काढलेले अवयव, रक्त, दारू, ड्रग्ज, जळालेल्या घरातली राख, स्फोटकांचे अवशेष यांचं रासायनिक पृथक्करण करून कोर्टात टिकेल असा अहवाल देणं म्हणजे न्यायसहायक रसायनशास्त्र, आणि हे काम शिकवणारी विद्याशाखाही याच नावाने ओळखली जाते. पेपरात आपण नेहमी वाचतो की मृत्यूचं कारण समजलं नाही म्हणून ‘व्हिसेरा राखून ठेवला’, तो राखलेला व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातून काढलेले अवयव, पुढे ज्या टेबलावर जातो ते टेबल या लोकांचं.

नावाबद्दल आधी थोडं सांगायला हवं. फॉरेन्सिक शब्दाचं मूळ लॅटिन ‘फोरम’मध्ये, म्हणजे रोमन लोकांच्या भर चौकात, जिथे खटले चालायचे. मराठीत न्यायवैद्यक हा शब्द रुळलेला आहे पण तो डॉक्टरांच्या शाखेचा, रसायनाला लावला की घोटाळा होतो. न्यायवैज्ञानिक असंही काही जण लिहितात. महाराष्ट्र शासनाने ‘न्यायसहायक’ घेतला, तोच या नोंदीत ठेवलाय कारण शास्त्र न्याय करत नाही तर न्यायाला मदत करतं हे त्यात नीट येतं. बोलताना मात्र सगळे फॉरेन्सिक केमिस्ट्रीच म्हणतात, आणि पोलीस स्टेशनात, कोर्टात आजही ‘सीए रिपोर्ट आला का’ असंच विचारतात.

हा सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर, मुंबई इलाख्यातलं जुनं सरकारी पद. फौजदारी कायद्याच्या मजकुरात ‘केमिकल एक्झामिनर’ असा शब्द होता, पण मुंबईकडे अॅनालायझर म्हणायचा प्रघात पडला आणि त्याचंच मराठी ‘रासायनिक विश्लेषक’ आजच्या पदनामात टिकलंय. भारतात या प्रयोगशाळा कधी सुरू झाल्या यावर बहुतेक पुस्तकांत एकच यादी सापडते: मद्रास १८४९, कलकत्ता १८५३, आग्रा १८६४, मुंबई १८७०. मद्रास पहिलं हे त्यावरूनच ठरवलेलं. पण ही यादी जपून वापरावी. कलकत्ता मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये सुरू झालं, तिथे ओशॉनेसी रसायनशास्त्र शिकवत होते आणि विषतपासणीचं सरकारी काम त्यांच्याकडे बरंच आधी येत होतं असं दिसतं, म्हणजे १८५३ हे साल फार तर खात्याला स्वतंत्र रूप आल्याचं असावं. मुंबईतही आय. बी. लायन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक आणि सरकारचे केमिकल अॅनालायझर अशी दोन्ही कामं बघायचे. शिकवणं आणि तपासणं एकाच माणसाकडे असताना प्रयोगशाळेची नेमकी ‘स्थापना’ शोधणं कठीणच, त्यामुळे या सालांकडे साधारण काळ म्हणून बघणं जास्त बरं वाटतं. स्वातंत्र्यानंतरचं चित्र स्वच्छ आहे, राज्य पातळीवरची पहिली फॉरेन्सिक लॅब १९५२ मध्ये कलकत्त्यात आणि मुंबईची १९५८ मध्ये. आता मुंबईत कालिन्याला संचालनालय आहे, आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा.

त्या काळी या प्रयोगशाळांची इतकी घाई का होती तर विषं. सोमल (आर्सेनिक) बाजारात सहज मिळायचा, धोत्रा, बचनाग, कण्हेर रानात होतेच, आणि कातड्यासाठी गुरांना गुंजेच्या बियांची सुई टोचून मारायचे प्रकारही जुन्या नोंदींत भेटतात. युरोपात जेम्स मार्शने १८३६ मध्ये सोमलाची चाचणी प्रसिद्ध केली. जस्त आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल यांच्यात संशयित पदार्थ टाकायचा, सोमल असेल तर आर्सिन वायू निघतो, तो तापलेल्या काचनळीतून नेला की आत आरशासारखा काळसर थर बसतो. अँटिमनी या दुसऱ्या मूलद्रव्याचाही असाच थर बसतो पण सोमलाचा थर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये विरघळतो, अँटिमनीचा नाही, हा फरक विचारला नाही अशी तोंडी परीक्षा विरळाच. वनस्पतिज विषं शरीरातून वेगळी काढायची पद्धत बेल्जियमच्या स्तास यांनी १८५० मध्ये निकोटीन देऊन केलेल्या खुनाच्या केसमध्ये बसवली, जर्मनीच्या ऑटो यांनी ती सुधारली, आणि व्हिसेऱ्यातून विष काढायचं म्हटलं की स्तास-ऑटो हे नाव अभ्यासक्रमात अजूनही पहिल्यांदा येतं. विषं मात्र बदलली. महाराष्ट्रात आता मुख्यतः कीटकनाशकं, धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, आणि गावठी दारूतलं मिथेनॉल, २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं त्यानेच गेली.

विद्यापीठीय शिक्षणाची सुरुवात साधारणपणे स्वित्झर्लंडमधल्या लोझानपासून धरतात (१९०९, राइस यांची संस्था). भारतात सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये गुन्हेशास्त्र आणि फॉरेन्सिकचा विभाग काढला, १९७२ मध्ये दिल्लीत याच विषयांची संस्था आली. गुजरातने २००८ मध्ये कायदा करून गांधीनगरला स्वतंत्र विद्यापीठ काढलं, २०२० मध्ये केंद्राने ते राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ केलं, गोव्यातही त्याचा कॅम्पस आहे. महाराष्ट्रात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, शिवाय काही कॉलेजांत बीएस्सी फॉरेन्सिक सायन्स चालतं.

इथे विद्यार्थी आणि पालक हमखास अडखळतात: बीएस्सी फॉरेन्सिक करावं की बीएस्सी केमिस्ट्री? जाणकारांत दोन मतं आहेत. पहिलं म्हणतं की पंचनामा, सील, पुराव्याचा कायदा, घटनास्थळ हे सगळं पहिल्या वर्षापासून अंगात मुरायला हवं. दुसरं म्हणतं की आधी पक्कं विश्लेषणात्मक रसायन शिका आणि फॉरेन्सिक एमएस्सीला घ्या. या नोंदीचा कल दुसऱ्या मताकडे आहे. जीसी-एमएस, एचपीएलसी, एफटीआयआर ही नमुन्यातले पदार्थ वेगळे करणारी आणि ओळखणारी मशीनं काय सांगतात आणि कुठे फसवतात हे कळायला रसायनाचा पाया खोल लागतो, आणि भरतीच्या जाहिरातीही पूर्वीपासून रसायनशास्त्राची पदवी धरूनच लिहिल्या गेल्यात. बीएस्सी फॉरेन्सिक घेतलंच तर त्यात रसायनाचे पेपर किती आहेत ते आधी बघावं.

अभ्यास कसा असतो ते एका साध्या उदाहरणावरून कळेल, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयात घेतलेलं रक्त. मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात ०.०५ टक्के म्हणजे ५० मिलिग्रॅम, दोन कायदे आणि दोन आकडे. रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसायची नाही. बाटलीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट लागतं: ऑक्झलेटने रक्त गोठत नाही आणि फ्लोराइडने जंतूंचं काम थांबतं, नाहीतर बाटलीतल्या बाटलीत साखरेपासून नवं अल्कोहोल तयार होऊ शकतं किंवा असलेलं कमी होऊ शकतं. जुनी पद्धत डायक्रोमेट या रसायनाची, रक्तातलं अल्कोहोल उडून डायक्रोमेटमध्ये शिरतं, त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि उरलेलं डायक्रोमेट टायट्रेशनने (दुसरं द्रावण थेंबाथेंबाने घालून) मोजायचं. त्यात अडचण अशी की दुसरे उडणारे पदार्थही डायक्रोमेट खातात, हेडस्पेस जीसीमध्ये (बाटलीत रक्तावर जमलेली वाफ घेऊन तिच्यातले घटक वेगळे करणारं मशीन) इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, वेगळंच दिसतं त्यामुळे वकिलाला प्रश्न विचारायला जागा कमी राहते. आणि इतकं सगळं बरोबर करूनही लाखेचं सील पोलिसांच्या पत्रावरच्या नमुन्याशी जुळलं नाही तर रिपोर्टचं वजन जातं, म्हणून नोंदवही लिहिणं हाही या शिक्षणाचा प्रॅक्टिकलइतकाच मोठा भाग आहे. शिकवताना याला वेळ कमी मिळतो, ही खरी खंत आहे.

रसायनाची पदवी घेऊन लॅबमध्ये गेलेला माणूस विषशास्त्र, दारूबंदी आणि उत्पादन शुल्क, किंवा सामान्य विश्लेषण आणि उपकरण अशा विभागांत बसतो. लाचलुचपतच्या सापळ्यातल्या नोटाही रसायनवाल्यांकडेच, महाराष्ट्रात अशा नोटांना लावायला अँथ्रासीन पावडर खूप वापरली गेली, अतिनील दिव्याखाली ती निळसर चमकते, तर फिनॉल्फ्थेलीन लावलेलं असेल तर बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवल्यावर पाणी गुलाबी होतं.

राज्यात शिरायच्या जागा मुख्यतः दोन: वैज्ञानिक सहायक (गट क), आणि सहायक रासायनिक विश्लेषक (गट ब, लोकसेवा आयोगामार्फत). जाहिरातीतली शैक्षणिक अट शब्दन् शब्द वाचावी, रसायनशास्त्र ‘विषय म्हणून’ आणि ‘मुख्य विषय’ यात माणसं अडकतात. सही करणाऱ्या सरकारी तज्ज्ञाचा अहवाल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार (आधीच्या संहितेत २९३) तो स्वतः साक्षीला न येताही पुरावा म्हणून वाचता येतो, तरी कोर्ट बोलावू शकतं आणि बोलावलं की उलटतपासणी असतेच. याच संहितेच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं अपेक्षित आहे, १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली आणि या तरतुदीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे, त्यामुळे माणसांची गरज वाढणार हे उघड आहे. फिरत्या फॉरेन्सिक व्हॅनही याच कामाच्या.

केंद्राकडे केंद्रीय फॉरेन्सिक लॅब (पुण्यातही एक आहे), सीमाशुल्क आणि अमली पदार्थांचे नमुने तपासणाऱ्या महसूल खात्याच्या प्रयोगशाळा, नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, दिल्लीची राष्ट्रीय डोपिंग चाचणी प्रयोगशाळा अशी ठिकाणं आहेत. खाजगीत औषध कंपन्यांचं क्वालिटी कंट्रोल, अन्नतपासणी लॅब, आणि विम्याच्या आगीच्या केसेस. शिकवायचं असेल तर फॉरेन्सिक सायन्स या विषयात यूजीसी नेट देता येते.