तोरणमाळचा घाट चढताना: सातपुडा उंच का, तापीकाठ सपाट का

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर मागे पडलं की तापीकाठची काळी शेतं संपतात आणि फार थोड्या अंतरात सातपुडा समोर उभा ठाकतो. गाडी तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी नेणाऱ्या सात पायरी घाटाला लागते. बहुतेक जण इथे दरीकडे बघतात. मी म्हणेन, पहिली काही वळणं तरी डोंगराच्या बाजूला बघा, रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे.

त्या कड्यात थर दिसतात. खाली काळा, सलग, घट्ट पाषाण, त्यावर बारीक भोकाभोकांचा मऊ दगड. मधेच एखादा तांबडा मातीचा पट्टा आणि त्याच्यावर पुन्हा काळा पाषाण. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. लाव्हातले वायू वर चढत असताना वरचा भाग थिजला, म्हणून भोकं तिथेच जास्त. मग काही काळ शांततेचा गेला, उघड्या दगडाची झीज होऊन माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. तोच तो तांबडा पट्टा. दोन उद्रेकांमधली उसंत तिथे हात लावून बघता येते, मला या घाटातलं हे सगळ्यात मोठं आकर्षण वाटतं. ज्या भेगांतून लाव्हा आला त्यांतल्या कित्येकींमध्ये तो आतच थिजून राहिला. आजूबाजूचा मऊ दगड झिजल्यावर त्या उघड्या पडल्या. धुळे–नंदुरबार भागात माळावरून मैलोन् मैल सरळ जाणारे काळ्या दगडाचे अरुंद कणे दिसतात, ते हेच. त्यांतले बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात, जवळपास तापीच्याच दिशेने.

हे दिशेचं साम्य उगाच आलेलं नाही. नर्मदा आणि तापी यांच्यामधल्या पट्ट्यात भूकवचाचा कमकुवतपणा फार जुना आहे, लाव्हाच्याही आधीचा. लाव्हा थिजल्यानंतर या पट्ट्यातल्या भेगांवरून जमीन सरकली. सातपुड्याचा ठोकळा वर राहिला आणि दक्षिणेकडचा भाग खचला. त्या खचलेल्या भागातून तापी मुलताईहून निघून 724 किलोमीटर पश्चिमेला वाहत अरबी समुद्राला मिळते. महाराष्ट्रातल्या गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात आणि ही उलटी का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. हालचाल अजून पूर्ण थांबलेली नाही. 1938 मध्ये सातपुड्यात आणि 1997 मध्ये जबलपूरला झालेले भूकंप याच मोठ्या पट्ट्यातले.

शहादा तालुक्यातच दरा गावाजवळ उनपदेव आहे, गरम पाण्याचा झरा. चोपडा तालुक्यात अडावदजवळही याच नावाचं दुसरं ठिकाण आहे, तेही सातपुड्याच्या पायथ्याशीच. खाली ज्वालामुखी धुमसतोय असं पुष्कळांना वाटतं, पण तो लाव्हा कधीच थंड झाला. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला सुमारे 25 ते 30 अंश. पावसाचं पाणी भेगांमधून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. भेग नसती तर उनपदेव नसता.

घाट संपला की हवा बदलते. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, आणि मे महिन्यातल्या खानदेशात सहा अंश म्हणजे पुष्कळच. वर यशवंत तलाव आहे. सलग पाषाणातून पाणी सहजी झिरपत नाही, त्यामुळे माथ्यावरच्या खोलगट जागेत ते टिकतं. सीताखाईला पावसाळा सरता सरता जावं. धबधब्याच्या कड्यात घाटातलेच थर पुन्हा भेटतात. मऊ थर आधी पोखरला जातो, वरचा कठीण थर आधार सुटून उभा तुटतो, आणि अशीच कडा मागे मागे सरकत राहते.

तोरणमाळहून पश्चिमेला अस्तंबा डोंगर, उंची 1325 मीटर. दिवाळीत हजारो भाविक अश्वत्थाम्याच्या दर्शनाला रात्रीचे चढतात. तोही याच लाव्हाच्या थरांचा.

डोंगरावरून झिजलेलं सगळं खचलेल्या तापीखोऱ्यात साचत गेलं. जळगाव जिल्ह्यात तो गाळ काही ठिकाणी शेकडो फूट जाड आहे, त्यामुळेच यावल, रावेरकडे खोल बोअर घेतली तरी पाषाण लागत नाही. पायथ्याशी मात्र ओढ्यांनी आणलेले गोटे आणि जाड वाळू आहे. या पट्ट्यात पाणी भराभर मुरतं आणि खालच्या केळीबागांच्या विहिरींना मिळतं. उपसा वाढल्याने तिथली पाण्याची पातळी सतत खोल चालली आहे. म्हणून पायथ्याच्या नाल्यांतली वाळू आणि गोटे उपसून नेताना पाहिलं की मला राग येतो. पाऊस जमिनीत शिरण्याची सगळ्यात सोपी जागा तीच आहे.